महादेवच्या नावाचा नारळ

"गाडी कुणाची, आन् चालवतो कोण?"

तात्यांच्या गॅरेजात शिरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न आधी झेलावा लागे. बॉनेट नंतर. गाडी धूर ओकत येवो, नाहीतर टोचन करून आणलेली असो, तात्या टायरच्या चळतीवर बसल्या बसल्या हेच विचारणार. आमच्या पट्ट्यात हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. चाकणच्या कंपन्यांना माल पोचवणारी कुठलीही पिकअप घ्या, मालक एक असतो आणि चालवणारा दुसरा. गाडी बंद पडली की मालक म्हणतो, ड्रायव्हरनं घालवली. ड्रायव्हर म्हणतो, गाडीतच काही राम नाही. मग दोघं तोंडं फिरवून एकाच गाडीतून गॅरेजात येतात. त्यांना दुरुस्ती हवी असतेच, पण त्याच्याआधी निवाडा हवा असतो.

आणि निवाडा द्यायला तात्यांना फार आवडे. हे मी त्यांच्यामागे बोलत नाही, त्यांच्या तोंडावरही बोललोय. "तात्या, तुम्ही चुकून गॅरेज काढलं, तुम्हाला कोर्टच काढायचं होतं," असं मी म्हटलं की ते खूश व्हायचे.

ज्ञानोबा तात्या मूळचे चिखलीचे. घरची जमीन कारखान्यांच्या शेडखाली गेली तेव्हा भाऊबंदांनी बंगले बांधले, तात्यांनी उरलेल्या तुकड्यावर पत्रे टाकून गॅरेज काढलं. मी तिथे लागलो तेव्हा त्यांनी ऑइलला हात लावणं सोडलं होतं. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा फुलशर्ट, आणि गॅरेजभर फिरूनही संध्याकाळपर्यंत त्यावर एक डाग नाही. कान मात्र शाबूत. गेटातून गाडी आत येईपर्यंत तिचं कुठलं बेअरिंग रडतंय हे ते सांगायचे आणि दहातून नऊदा ते खरं निघायचं. दहावं खोटं निघालं तरी ते मान्य करायचे नाहीत, तो भाग वेगळा.

मी त्यांच्याकडे इलेक्ट्रिशियन. गाडीला जोडला की बिघाड कुठे आहे ते सांगणारा स्कॅनर माझ्या ताब्यात. त्या स्कॅनरला तात्या 'जोतिषी' म्हणायचे. "सुन्या, तुझ्या जोतिष्याला इचार काय म्हणतोय. ग्रह कुठला वाकडा हाय ते सांगंल त्यो. शांत मात्र आपल्यालाच करावी लागंल." आणि पुन्हा टायरवर जाऊन बसायचे.

त्यांचा एक नेम होता. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा म्हणजे द्यायचा. "नवा गाडीत, जुना गिऱ्हाइकाच्या हातात, मंग आपली मान ताठ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रावेतच्या एका साहेबांच्या गाडीची क्लचप्लेट बदलली तेव्हा साहेब म्हणाले, असू द्या तो कचरा तुमच्याकडेच. गाडी घेऊन ते निघूनही गेले. तात्यांनी प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळली, मला स्कूटरला किक मारायला लावली आणि आम्ही दोघं थेट त्यांच्या सोसायटीच्या गेटावर. वॉचमन आत सोडेना. तात्यांनी इंटरकॉमवरून सुनावलं, "साहेब, तुमची अमानत हाय, खाली येऊन घ्या." अर्ध्या चड्डीत साहेब खाली आले आणि ते काळं धूड दोन बोटांत धरून लिफ्टकडे गेले. परतीच्या वाटेवर तात्या माझ्या मागे बसून गाणं गुणगुणत होते.

दुसरा नेम निवाड्याचा. एका टेम्पोमालकानं आपल्या ड्रायव्हरवर डिझेलचोरीचा आळ घेतला होता. गॅरेजात, दारातल्या कट्ट्यावर बसणाऱ्या सगळ्यांसमोर, त्यानं त्याला चोर म्हटलं. तात्यांनी गाडी वर उचलायला लावली, खाली बॅटरी मारली आणि टाकीकडे परत जाणाऱ्या नळीची चीर मालकाला बोट घालून दाखवली. मालक ओशाळला, हळू आवाजात म्हणाला, "चला, कळलं." तात्या म्हणाले, "आसं न्हाई. शब्द चारचौघांत गेलाय, चारचौघांतच माघारी घ्या." आणि त्या मालकाला स्वतःच्या हातानं ड्रायव्हरला चहाचा कप द्यायला लावला. मालक पुन्हा आमच्याकडे आला नाही, पण त्या दिवसापासून पट्ट्यातले ड्रायव्हर तात्यांना दुरून हात जोडायला लागले.

खंडेनवमीला आमच्या गॅरेजात जत्रा भरे. जुन्या गिऱ्हाइकांच्या गाड्या तात्यांच्या हातून पुजून घ्यायची रीतच पडून गेली होती. पाने, जॅक, कॉम्प्रेसर, सगळ्यांना हळदकुंकू. माझ्या स्कॅनरलाही. मग रांगेतल्या गाड्या. झेंडूची माळ, कुंकवाची पाच बोटं, हळदीच्या अक्षता आणि नारळ. नारळ फोडला की बाकीचं जग त्याचं पाणी टायरवर सोडतं. तात्या अर्धं पाणी टायरवर आणि अर्धं दार उघडून आत, कुंकवाच्या त्याच बोटांनी, स्टिअरिंगवर आणि गिअरच्या दांड्यावर शिंपडायचे. "चाकाला देव हाय आन् दांड्याला न्हाई व्हय?"

एका वर्षी रांगेत कदमशेठची पिकअप होती. कदमशेठ मावळातल्या डोंगरांवरच्या मोबाइल टॉवरची कामं घ्यायचे, म्हणून त्यांची गाडी चारही चाकांनी ओढणारी. ती महादेव चालवायचा. महादेव धाराशिवकडचा, देहूरोडला भाड्याच्या खोलीत राहणारा, कमी बोलणारा माणूस. गाडी अशी ठेवायचा की मालकाला तीत बसताना पाय झटकावेसे वाटत. तात्या नारळ घेऊन दारात आले तसा महादेवनं खांद्यावरचा टॉवेल काढून गिअरच्या दांड्यावर आणि खालच्या कन्सोलवर पसरला.

"तात्या, आत नगं," तो म्हणाला. "खाली वायरिंग हाय."

तात्यांनी टॉवेल उचलून त्याच्याच खांद्यावर ठेवला. "देवाचं पाणी हाय रं बाबा. त्यानं काय हुतंय?" आणि त्या गाडीवर जरा जास्तच शिंपडलं. डोंगरात जाणारी गाडी ना ती.

संक्रांतीच्या सुमारास ती पिकअप परत आली. महादेव चालवत होता, शेजारी कदमशेठ फुगून बसलेले. डॅशबोर्डवर एक गोल खटका असतो. तो फिरवला की मागच्या चाकांबरोबर पुढचीही ओढायला लागतात. खटका फिरत होता, दिवा नुसता लुकलुकत होता आणि पुढची चाकं ढिम्म. डोंगरावर सामान घेऊन चाललेली गाडी अर्ध्या चढावर अडली होती, आणि कदमशेठचं काम हातचं गेलं होतं.

मी स्कॅनर लावला. खटक्याचा हुकूम चाकांपर्यंत पोचवणारी एक डबी असते, कंट्रोल मॉड्यूल. ती काही बोलायलाच तयार नव्हती. तात्या या डबीला 'तलाठी' म्हणायचे. हुकूम वरून सुटतो, जमीन खाली असते, पण मधला तलाठी आजारी पडला की काही हलत नाही. फ्यूज बघितला, वीज पोचतेय का बघितलं, अर्थिंग बघितलं. सगळं ठीक. मग गिअरच्या दांड्याखालचं कन्सोल काढलं. डबी तिथेच बसवलेली असते. कनेक्टर उपसला तर पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर, बाजूला लालसर डाग. लाल म्हणजे गंज, असं मीही समजलो.

तात्या टायरवरून उठून आले. वाकून बघितलं आणि कनेक्टर सगळ्यांना दिसेल असा वर धरला. कट्ट्यावर तेव्हा चांगली गर्दी होती.

"हे बघा शेठ. पाणी. येक तर आतून पाइप मारून धुतली, न्हाईतर दारापत्तोर वढ्यात घातली. ही गाडीची चूक न्हाई. ही हाताची चूक हाय."

"तात्या, आईशप्पथ," महादेव म्हणाला, "मी आतून कधी पाणी मारलं नाही. ओढ्यात पण घातली नाही. मी काय खोटं बोलायलोय का?"

"मंग काय काचा लावल्याल्या गाडीत आभाळातनं आलं पाणी?"

कट्टा हसला. महादेवनं तोंड उघडलं, तात्यांकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं. आम्हाला वाटलं, सापडला. कदमशेठनी तिथल्या तिथे हात पुढे केला आणि किल्ली मागून घेतली. महादेवनं डॅशबोर्डवरचा तुळजाभवानीचा फोटो अलगद सोडवला, डबा घेतला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गेटातून चालत गेला. तात्या त्याच्या पाठीकडे बघून म्हणाले, "गुणाचा हुता, पर खोटं बोलला. कबूल केलं आसतं तर म्या शेटला गळ घातली आसती."

नवीन मॉड्यूल मागवावं लागलं. आलं त्या दिवशी मी बॅटरीची निगेटिव्ह काढली, जुनी डबी सोडवली, पिना साफ करून नवा कनेक्टर जोडला आणि नवी डबी बसवली. नुसती बसवून ती चालत नाही. स्कॅनरनं तिला गाडीची ओळख करून द्यावी लागते, तेव्हा ती हुकूम मानते. मग गाडी मागच्या माळावर नेली, चढावर उभी करून खटका फिरवला. दिवा स्थिर लागला, पुढची चाकं मातीत रुतून ओढायला लागली. मी खूश.

"आता जुना पार्ट खोल," तात्या म्हणाले. "शेटच्या हातात द्यायचाय. पाणी कुठवर गेलतं त्ये दावू, म्हंजी फुडचा डायवर नेमताना ध्यानात ऱ्हाईल."

मी झाकणाचे स्क्रू काढले. झाकणाच्या एका कोपऱ्यातलं रबर दबलं होतं, तिथूनच ओल आत गेली होती. सर्किटवर एक चिकट ओघळ वाळलेला. लाल. तात्यांनी बोटाचं टोक त्यावर घासलं, बोट डोळ्यांजवळ नेलं, मग नाकाजवळ. गंज असा रंग सोडत नाही. डबी उलटी केली तर तळाला, ती बसवायच्या पट्टीच्या खाचेत, पिवळा तांदळाचा दाणा चिकटून बसलेला होता.

तात्यांनी तो नखानं सोडवून तळहातावर घेतला. गॅरेजात ग्राइंडर चालू होता, पोरं रेडिओवर गाणी ऐकत होती.

"ह्ये कुंकू हाय, सुनील," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला सुनील म्हटलेलं हे पहिल्यांदा.

मला टॉवेल आठवला. त्यांनाही तोच आठवला असणार, कारण तो उचलणाऱ्या स्वतःच्या हाताकडे ते बघत होते. मी म्हणालो, "तात्या, गाडी झालीय. कुणी विचारणार नाही."

"गाडी झाली. महादेवचं काय?"

एवढं बोलून ते तिथेच, फरशीवरच्या ऑइलात बसले. पांढऱ्या शर्टासकट. त्यांच्याकडे बघवेना. माणूस रडला तर त्याला धीर देता येतो, पण लाजलेल्या म्हाताऱ्या माणसाला काय द्यायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

कदमशेठ गाडी न्यायला आले तेव्हा तात्यांनी त्यांना सगळं सांगितलं. उघडी डबी दाखवली, तिच्यातल्या कुंकवानं लाल झालेलं बोट दाखवलं. कदमशेठ हसले. "काय तात्या! नारळानं गेला काय आणि पाइपानं गेला काय, गाडी पळतीये ना? आता गाडी भाचा चालवणार माझा. घरचं माणूस बरं असतं." तात्यांनी महादेवला परत घ्यायची विनवणी केली. हो, विनवणी. शेठनी तात्यांच्या पाठीवर थाप मारली आणि किल्ली घेऊन निघून गेले. जुना पार्ट त्यांनी नेला नाही, आणि तात्यांनी या वेळी त्यांचा पाठलाग केला नाही.

"कुणाच्या हातात द्यायचा ह्यो पार्ट, म्हाईत हाय मला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही देहूरोडला गेलो. महादेव आता पाण्याचा टँकर चालवत होता, सोसायट्यांना पाणी टाकायचा. दुपारचा घरी आला होता. तात्यांना दारात बघून तो दचकला, मग बायकोला चहा टाकायला सांगून त्यानं सतरंजी झटकून अंथरली. तात्या सतरंजीवर बसले नाहीत. उंबऱ्याजवळच टेकले, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली डबी.

"महादेवा, माझ्या हातनं गेली ती गाडी. पूजेच्या नारळानं. तू टावेल टाकला हुतास."

महादेव खाली बघत म्हणाला, "मला तवाच कळालं होतं, तात्या. तुम्ही कनेक्टर वर धरला तवाच."

"मंग बोलला का न्हाईस रं?"

"काय बोलू? पूजेच्या नारळाला दोष द्यायचा व्हय? आणि तुम्ही सगळ्यांपुढं बोलायला लागला होता. तुमचा शब्द खाली कसा पाडायचा?"

तात्यांनी पार्ट पुढे केला. महादेव म्हणाला, "हे शेठचं हाय, माझं काय नाही." तात्यांचे हात पुढेच राहिले. शेवटी महादेवनं दोन्ही हातांनी डबी घेतली, कागद बाजूला केला. आतलं कुंकू दिसलं तसा सवयीनं ती डबी त्यानं कपाळाला लावली.

तात्या उठले. चहा यायच्या आत बाहेर जाऊन चपला घालायला लागले. डावा पाय उजव्या चपलेत जाईना. मी खाली वाकून त्या सरळ केल्या.

त्या दिवसानंतर तात्या टायरच्या चळतीवर बसलेले मी पाहिले नाहीत. गेटातून येणाऱ्याला ते नुसतं "या" म्हणायचे. मालक आणि ड्रायव्हर भांडत आले की माझ्याकडे बोट दाखवायचे, "मला न्हाई कळत त्यातलं. त्याला इचारा." मी काय निवाडा देणार? मी दोष कशात आहे ते सांगायचो, कुणाचा ते मालक आपापलं ठरवून घ्यायचे. त्यात किती ड्रायव्हर भरडले गेले असतील, देव जाणे. मला तात्यांचा राग यायचा कधी कधी. एकदा चुकलात म्हणून काय बोलणंच सोडायचं? पण त्यांच्या तोंडाकडे बघायचो आणि स्कॅनर उचलून गाडीकडे जायचो.

पुढच्या खंडेनवमीआधी त्यांनी महादेवला फोन लावला. "शब्द चारचौघांत गेलाय माझा. चारचौघांतच माघारी घ्यायचाय. नारळ तुझ्या हातनं फोडायचा. ये." पलीकडून महादेव म्हणाला, "बघतो तात्या. ड्युटी असती." तात्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं, महादेव येणार हाय. पूजेच्या थाळीत एक नारळ वेगळा काढून ठेवला.

गाड्यांची रांग लागली. तात्यांनी त्या वर्षी पाण्याचा एक थेंब कुठल्या गाडीत शिंपडला नाही. नारळ बाहेरच्या दगडावर फोडले. दर थोड्या वेळानं गेटाकडे बघायचे. दुपार टळली, लोक प्रसाद घेऊन निघायला लागले, तेव्हा मी म्हणालो, "तात्या, आता नाही यायचा तो."

मग तात्या मधोमध उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "ऐका. संक्रांतीला म्या महादेवला हितं खोटा ठरवला. खोटा म्या हुतो. पाणी माझ्या हातचं हुतं."

 मग कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या हो तात्या, सणाच्या दिवशी काय." दुसरा हसत म्हणाला, "ड्रायव्हरचं काय घेऊन बसलात, त्याला कुठंबी गाडी मिळती." कदमशेठचा भाचा हातातल्या खोबऱ्याचा तुकडा चघळत होता. लोक पांगले. ज्याच्यासाठी बोलले तो नव्हता, आणि जे होते त्यांना ते ऐकायचं नव्हतं. मी जाऊन त्यांच्याजवळ उभा राहिलो.

"न्हाई आला त्येच बराबर हाय," तात्या म्हणाले. "घालवला बी चारचौघांत, आन् बोलावला बी चारचौघांत. त्यानं कुठल्या तोंडानं यावं? लाज मला, आन् तोंड त्यानं दावायचं व्हय?"

महादेवच्या नावाचा नारळ फुटला नाही. तात्यांनी तो कॅश काउंटरच्या वर, देवाच्या फोटोशेजारी ठेवला.

नंतर मला चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला नोकरी लागली आणि गॅरेज सुटलं. तात्यांना मी शेवटचं पाहिलं ते एका रविवारी, सहज गेलो होतो तेव्हा. पोरं काम करत होती. तात्या काउंटरमागे खुर्चीत, अंगात तोच कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंड गेटाकडे. नारळ जागच्या जागी होता. शेंडी वाळून तांबूस झालेली, वर कुंकवाचं नवं बोट.

"कुठं दिसला का रं महादेव?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "टँकर दिसतात तात्या. तो नाही दिसला."

त्यांनी मान हलवली. मग हात वर करून नारळ खाली घेतला, कानाशी धरला आणि हलवून बघितला. पाणी आटून आतल्या आत सुटलेलं खोबरं करवंटीवर खुडखुड वाजलं. मला ते खुर्चीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं.

"पाणी हाय आजून," तात्या म्हणाले.

"हाय की, तात्या," मी म्हणालो.